दुसरा ड्रम घातला की घालायचा?

वार्षिकांकासाठी काहीतरी लिही, असे आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी कविता किंवा केळव्याच्या समुद्रावरचा ललित लेख असावा. मी मात्र लिहायला बसले आहे इंग्रजी व्याकरणावर, आणि त्यातही नियमित क्रियापदाच्या भूतकाळावर. म्हणजे ज्याला आपण शाळेत ‘ईडी लावणे’ म्हणत होतो, त्यावर. (हल्ली ईडीचे नाव काढले की लोकांना भलतेच काही आठवते, पण आमच्यासारख्यांच्या घरी ती ईडी येण्याचा संभव नाही.) विषय रुक्ष आहे हे मान्य. परंतु वाचकांनी पान उलटण्यापूर्वी एवढे ऐकून घ्यावे, की या दोन अक्षरांपायी आमच्या घरात आठवडाभर कोणाला जेवण गोड लागले नव्हते.

माझा दादा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. दादाची रात्रपाळी होती. रिॲक्टरमध्ये एका मालाचे दोन ड्रम ठरावीक अंतराने घालायचे होते. पहिला घातला, त्याची नोंद झाली. पहाटे पाचच्या सुमारास दादाने दुसरा घातला आणि लॉगबुकात लिहिले, ‘सेकंड ड्रम ॲड’. सकाळचा रिलीव्हर पावसामुळे उशिरा पोहोचला, आणि दादा कंपनीची बस चुकेल म्हणून निघून आला. दोघांची गाठ पडली नाही. रिलीव्हरने वही उघडली, ओळ वाचली, आणि ती सूचना समजून शेजारी उभ्या असलेल्या ड्रमांपैकी एक उचलून आत ओतला.

बॅच वाया गेली. तापमान चढू लागले होते, पण थंड पाणी चालू होते म्हणून तेवढ्यावरच निभावले. आमच्या भागात ‘निभावले’ या शब्दाला काय वजन आहे ते बोईसरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये वसाहतीत झालेल्या स्फोटात माणसे गेली, त्या संध्याकाळी आमच्या चाळीतले प्रत्येक घर आपापल्या माणसाला फोन लावत बसले होते. त्या स्फोटाचा व्याकरणाशी काही संबंध नव्हता. पण तेव्हापासून दादाला घरी यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी आई दारात उभी राहते.

रिलीव्हर येण्याआधी जागा सोडली, ही दादाची चूक होतीच आणि ती त्याने कबूल केली. परंतु मेमोमध्ये मुख्य ठपका होता तो चुकीच्या नोंदीचा. खुलासा इंग्रजीत मागितला होता. घरात इंग्रजी जाणणारी म्हणजे मी! बाबांना इंग्रजी पाचवीत भेटले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यामुळे मी मात्र सहाव्या वर्षापासून ते शिकत आलेली. शिवाय ‘काळ बदला’ या प्रश्नात माझे गुण कधी गेले नव्हते. मी मोठ्या ऐटीत लिहून दिले, ‘आय हॅड ॲडेड द सेकंड ड्रम ॲट फाइव्ह ओक्लॉक’. दुसऱ्या दिवशी दादा परत आला तो प्रश्न घेऊनच. “साहेबांनी विचारलंय, ‘हॅड ॲडेड’ म्हणजे नक्की कशाच्या आधी? काय सांगू?”

मला सांगता आले नाही. पंधरा वर्षे शिकलेल्या इंग्रजीचा तो एकच तोंडी प्रश्न, आणि मी त्यात नापास झाले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम दादाची चूक घेऊ. तो दहावी आणि नंतर आयटीआय झालेला आहे. ‘ॲड’चा भूतकाळ ‘ॲडेड’ होतो हे त्याला ठाऊक नव्हते काय? विचारल्याबरोबर त्याने सांगितले. मग लिहिताना गेला कुठे? मला वाटते, याचे उत्तर त्याच्या अज्ञानात नाही, आपल्या बोलण्यात आहे. कारखान्यात दिवसभर आपण काय बोलतो ते आठवा. व्हॉल्व्ह चेक केला. लाइन फ्लश केली. मटेरियल ॲड केले. पंप स्टार्ट केला. इंग्रजी धातू आपण उघडाच घेतो आणि काळ, लिंग, वचन या साऱ्याचा भार आपल्या ‘करणे’वर टाकतो. ‘चेक’ला भूतकाळाची काही फिकीर करावीच लागत नाही, त्याच्या मागे ‘केला’ उभा असतो. आता हाच माणूस वहीत इंग्रजी लिहू लागला, की ‘केला’ मराठी म्हणून गळतो, आणि पानावर उरतो तो बिचारा एकटा ‘चेक’. दादाच्या डोक्यात ‘सेकंड ड्रम ॲड केला’ असे पुरे वाक्य होते. कागदावर उतरताना नेमका भूतकाळच मागे राहिला.

म्हणून मी म्हणते, की ईडी हा आपल्या ‘केला’चाच इंग्रजी अवतार आहे असे समजून शिकवावे. हे मी केवळ सोय म्हणून म्हणत नाही. इंग्रजी, जर्मन, डच या साऱ्या भगिनीभाषांत भूतकाळ करण्यासाठी मागे ड-त सारखा ध्वनी लावण्याची पद्धत आहे, आणि तो प्रत्यय मुळात ‘डू’ म्हणजे ‘करणे’ या क्रियापदाच्या भूतकाळी रूपातूनच झिजून आला, असे मत एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांपासून चालत आले आहे. सगळेच ते मान्य करतात असे नाही, परंतु ते आजही वजनदार मानले जाते. याच कुळातल्या जुन्या गॉथिक भाषेत चौथ्या शतकात बायबलाचे भाषांतर झाले. त्यात अशा क्रियापदांच्या अनेकवचनी रूपांच्या शेवटी ‘देदुम’ असे काही येते, आणि त्यात ‘डिड’चा चेहरा अजून ओळखू येतो. म्हणजे ‘चेक्ड’ हा शब्द फार मागे जाऊन पाहिला तर ‘चेक-डिड’, अर्थात ‘चेक केला’! बोईसरच्या शॉपफ्लोअरवर आपले कामगार आज जे करतात, तेच इंग्रजांच्या पूर्वजांनी कधीकाळी केले असावे. हे वाचले त्या दिवशी पालघरहून घरी जाताना उमरोळी कधी आली ते मला कळले नाही.

हा धागा हाती आला की आणखी एक गाठ सुटते. ‘आय डिड नॉट चेक्ड’ असे आपल्यापैकी निम्मेजण लिहितात. कारण मराठीत नकार देताना भूतकाळ जागचा हलत नाही. ‘तपासला’चे ‘तपासला नाही’ होते, ‘तपासला का?’ होते. इंग्रजीत मात्र ‘नाही’ म्हणायचे किंवा प्रश्न विचारायचा, तर खुद्द ‘डिड’ पुढे येऊन उभा राहतो. मूळ मालकच दारात आला, तर मागे त्याची झिजलेली खूण कशाला? म्हणून ‘डिड नॉट चेक’. एवढे जर मला आठवीत कोणी सांगितले असते, तर ‘डिड आला की पहिले रूप’ हा नियम मी मंत्रासारखा घोकला नसता. घोकलेला मंत्र रात्रपाळीत आठवत नाही.

आता माझी स्वतःची चूक. ‘काल मी पालघरला गेले होते’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. त्याच्या आधी-मागे काही घडावे लागत नाही. नुसती गतगोष्ट सांगायची असली, विशेषतः जाऊन परत आल्याचे सांगायचे असले, तरी आपण सहज ‘गेले होते’ म्हणतो. त्याला आपल्या व्याकरणात पूर्ण भूतकाळ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘हॅड ॲडेड’लाही शाळेत पूर्ण भूतकाळच म्हणतात. नाव एक, म्हणून काम एक असे मी धरून चालले. पण इंग्रजी ‘हॅड’ला एकटे राहवत नाही. भूतकाळातली दुसरी एखादी घटना समोर असली, आणि तिच्या आधी हे घडून गेले होते असे सांगायचे असले, तरच तो कामाला येतो. ‘रिलीव्हर आला तेव्हा मी दुसरा ड्रम घातलेला होता’, इथे ‘हॅड ॲडेड’ शोभून दिसले असते. वेळ नोंदवून नुसती कृती सांगायची, तर साधे ‘ॲडेड’. साहेबांचा प्रश्न खोचक होता, पण व्याकरणाला धरून होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. त्यांचे ऋण आपण मराठीचे विद्यार्थी कधी फेडू शकणार नाही. तरी दोन भाषांचे काळ एकाच साच्यात शेजारी-शेजारी मांडण्याची सवय आपल्याला तेव्हापासून लागली की काय, असे कधीकधी मनात येते. साचा सारखा दिसला की आत ओतलेले धातूही सारखे वाटू लागतात. ‘मी काल तपासला आहे’ हे आपल्याला खटकत नाही, म्हणून आपण ‘आय हॅव चेक्ड इट यस्टरडे’ लिहितो. इंग्रजीला मात्र ‘हॅव’च्या पंक्तीला ‘काल’ बसलेला चालत नाही. काळ सांगितला, तर ‘हॅव’ने उठायचे.

इंग्रजी भूतकाळ अवघड आहे हे मात्र मी मानायला तयार नाही. अवघड आपला आहे! पंप तपासला, टाकी तपासली, मीटर तपासले, बाटल्या तपासल्या. कर्ता मी एकटीच, पण क्रियापद माझ्याकडे बघत नाही, तपासलेल्या वस्तूकडे बघते. संस्कृतातल्या ‘मया कृतम्’ या कर्मणि रचनेतून आपला ‘मी केले’ आला, त्याचा हा वारसा. परप्रांतातून आलेले कामगार यात किती अडखळतात ते वसाहतीच्या नाक्यावर चहा पिताना ऐकावे. त्यांच्या ‘मी टाकी तपासला’ला आपण हसतो, आणि चारही वस्तूंना एकच ‘चेक्ड’ पुरवणाऱ्या भाषेसमोर आपल्याला घाम फुटतो.

आता उच्चार. ईडी म्हटले की आपण सगळीकडे ‘एड’ ठोकून देतो. स्टॉपेड, चेकेड, क्लीनेड. प्रत्यक्षात त्याचे ध्वनी तीन. क, प, श यांसारख्या अघोष व्यंजनांपुढे ‘ट’, म्हणून चेक्ट, स्टॉप्ट, फ्लश्ट. न, झ, ल अशा घोष व्यंजनांपुढे आणि स्वरांपुढे ‘ड’, म्हणून ड्रेन्ड, क्लोझ्ड, ड्राइड. आणि शब्दाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच ‘इड’, म्हणून स्टार्टिड, ॲडिड. हे कोणी शोधून काढलेले निर्बंध नाहीत, जिभेची सोय आहे. विपद् आणि काल एकत्र आले की ‘विपत्काल’ होतो, हे आपण नववीत संधीच्या धड्यात पाठ केले. तिथे पुढच्या अघोष ‘क’ने मागच्या ‘द’ला बदलले, इथे मागचा ‘क’ पुढच्या ‘ड’ला बदलतो. दिशा उलटी, न्याय तोच. पण संधी मराठीच्या तासाला आणि ईडी इंग्रजीच्या तासाला, आणि या दोन तासांची ओळख करून देणारे कोणी नाही.

स्पेलिंगबद्दल फार लिहीत नाही. ‘स्टॉप’चा पी दुप्पट होतो आणि ‘ओपन’चा एन होत नाही, कारण ‘ओपन’मध्ये जोर पहिल्या अवयवावर आहे. ‘ड्राय’चा वाय जाऊन आय येतो, पण ‘प्ले’चा वाय तसाच राहतो, कारण त्याच्या आधी स्वर आहे. हे एका संध्याकाळी पाठ होण्यासारखे आहे. आपण मात्र ‘गो-वेंट-गॉन’ची लांबलचक यादी पाठ करण्यात शाळेची अर्धी वर्षे घालवतो, जणू अनियमित क्रियापदे हीच इंग्रजीची खानदानी माणसे आणि नियमित म्हणजे मोलमजुरी करणारी! खरे पाहता काळ या मजुरांचाच आहे. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ असे, आज तो निमूटपणे ‘हेल्प्ड’ झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे तपासली, तेव्हा त्यांतली फक्त ९८ आजवर अनियमित राहिलेली आढळली. बाकीच्यांनी ईडीची दीक्षा घेतली. भाषेत नवे क्रियापद जन्माला येते तेही बहुधा ईडी घेऊनच.

माझ्या वर्गातल्या एका मित्राला हे सारे सांगितले, तर तो चिडून म्हणाला, “मुळात लॉगबुक इंग्रजीत हवेच कशाला? लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी किंवा हिंदी. ‘दुसरा ड्रम घातला’ लिहिले असते तर काय बिघडले असते?” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते झटकून टाकू शकत नाही. आमच्या परिसरात घरी वाडवळी, मांगेली किंवा वारली, बाजारात मराठी-गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि सही करायच्या कागदावर इंग्रजी, असा प्रकार आहे. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याचे पहिले दोन संच अमेरिकी बनावटीचे. पुढे वसाहत वाढली. भातशेती आणि मासेमारीच्या गावांत इंग्रजी आली ती शेक्सपिअरच्या वाटेने नाही, यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून आणि पाळीच्या वह्यांतून आली. माल परदेशी जातो, तपासणीला येणारे वही मागतात, म्हणून ती इंग्रजीत. मला विचाराल तर धोक्याची नोंद दोन्ही भाषांत असावी. पण तो निर्णय दादाच्या हातात नाही, माझ्याही नाही. ईडी लावणे हातात आहे.

अर्थात ईडी लावले म्हणजे सगळे भागले असेही नाही. ‘व्हॉल्व्ह क्लोज्ड’ या नोंदीचा अर्थ मी बंद केला, की मी गेलो तेव्हा बंद होता? मराठी हा फरक चोख सांगते, इंग्रजीचे हे तोकडे वाक्य सांगत नाही. म्हणून दादाला मी आता ‘आय’ लिहायला लावते. ‘आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह’. कर्ता आला की जबाबदारीही आली, अशी त्याची यावर तक्रार आहे.

आमच्या प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे. इंग्रजीच्या तासाला मराठीला दाराबाहेर उभे करू नये. ती आत नसली तरी आमच्या डोक्यात असतेच, आणि न विचारता मधेमधे बोलत असते. तिला समोर बसवून विचारावे, बाई, तुझा ‘गेले होते’ आणि हिचा ‘हॅड गॉन’ यांत फरक काय? रिकाम्या जागा भरण्याऐवजी, काल केलेल्या पाच कामांची वेळेसह नोंद लिहून आणा, असे आम्हांला सांगावे. कला शाखेच्या मुलांना लॉगबुकाशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. तर आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली किती मुले-मुली वसाहतीत स्टोअर, डिस्पॅच आणि टाइम ऑफिसच्या टेबलांशी बसली आहेत, ते सकाळच्या गाडीतून बोईसरला उतरणाऱ्या गर्दीत उभे राहून पाहावे. माल आला, माल गेला, माणूस आला, माणूस गेला. सारा भूतकाळच आहे.

दादाची शिकवणी मी घरीच घेतली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने मराठीत वाक्ये लिहायची, प्रत्येक ‘केला-केली-केले’ला गोल करायचा, आणि इंग्रजी करताना गोल तेवढ्या ईडी मोजून घ्यायच्या. चार रविवार गेले. मेमोचे प्रकरण समज देऊन मिटले. आता तो नोंदीचा फोटो कधीमधी मला मोबाईलवर पाठवतो, तपासून घ्यायला.

गेल्या महिन्यात असाच एक फोटो आला. वेळ पहाटे पावणेचार, अक्षर झोपाळलेले. ‘आय पुटेड टू बॅग्ज’. मी उत्तर लिहायला घेतले, की दादा, ‘पुट’ला ईडी लागत नाही, तो तिन्ही काळी ‘पुट’च. मग थांबले. नुसते ‘आय पुट टू बॅग्ज’ लिहिले असते, तर घातल्या की रोज घालतो, हे वाचणाऱ्याला ओळखावे लागले असते. सकाळी दादा आल्यावर विचारले, “रिलीव्हरला कळलं का रे?”

“कळलं की. परत नाही घातल्या त्याने,” दादा म्हणाला आणि झोपायला गेला.